पाच मुठी मीठ

प्रमिलाकाकूंनी माझ्या हातचं वरण तोंडात घेतलं आणि ते माझ्याच सिंकमध्ये थुंकलं, ती आमची पहिली भेट. अमेरिकेत, श्रूजबरीतल्या त्यांच्या घराच्या तळघरात मी भाड्याने राहायला येऊन तीन दिवस झाले होते. खालून वास येतोय म्हणून त्या जिना उतरून आल्या होत्या. कसला वास ते मला कळेना, कारण मी त्यातच राहत होतो.

त्यांनी चूळ भरली, पदराने ओठ पुसले आणि विचारलं, "शी! काय घातलंयस ह्यात?"

"मीठ, काकू."

"कुठलं?"

मीठ कुठलं असं विचारता येतं, हे मला चोवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी ओट्यावरचा पुठ्ठ्याचा गोल डबा दाखवला. त्यांनी त्याची पत्र्याची चोच उघडून थोडं तळहातावर ओतलं आणि फुंकर मारली. निम्मं उडून माझ्या चष्म्यावर बसलं.

"हे मीठ नाही, टाल्कम पावडर आहे. बाळांच्या ढुंगणाला लावायची. गाव कुठलं तुझं?"

"अकोला."

"तरीच. समुद्र न बघितलेल्या माणसाला काय कळणार!"

मग त्यांनी माझा फ्रिज उघडला. आत आईने दिलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. तिच्यात मी वरणाचा चमचा घालत असे, त्यामुळे लोणच्यावर हिरवट मखमल धरली होती. ती मखमल बाजूला सारून मी खालचं लोणचं खात असे, हेही मी मूर्खासारखं सांगून टाकलं. काकूंनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा चेहरा तोच होता.

हा चेहरा पुढे साडेतीन वर्षं मी रोज पाहिला. आधी डावी नाकपुडी वर जाई, मग हनुवटी मानेत शिरे आणि शेवटी "शी" बाहेर पडे. आखूड "शी" रोजच्या गोष्टींसाठी: कागदी टॉवेल, डबाबंद मटार, रताळ्यांत गोड मार्शमेलो घालणारी माणसं. लांब "शी" माझ्यासारख्यांसाठी. आणि एखादी गोष्ट फारच ओंगळ असली तर आवाजच येत नसे, नुसती नाकपुडी. मराठी मंडळाच्या सहलीला एकाने केचप घालून मिसळ केली होती, तेव्हा ती नाकपुडी परत येताना पोर्टलंडपासून घरापर्यंत खाली आली नाही. गाडीत मी शेजारीच बसलो होतो.

काकू मूळच्या उरणच्या. वडील मिठागरावर मुकादम. लहानपणी त्या मिठाच्या राशींमधून शाळेत जायच्या. मीठ त्या कधी चिमटीतून, कधी मुठीतून सोडत. चमचा वापरणाऱ्या बाईकडे त्या, सरळ चालता येत असून काठी घेणाऱ्याकडे पाहावं तशा पाहत. अमेरिकन हॉटेलातल्या मिठाच्या शेकरमध्ये, मीठ ओलावू नये म्हणून, तांदळाचे दाणे घालतात, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी वेट्रेसला बोलावून विचारलं होतं, "हे कोणाचं उष्टं?"

त्यांच्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट मला काकांनी सांगितली. काका कमी बोलत, म्हणून त्यांनी सांगितलेलं लक्षात राहतं. आल्या आल्या काकूंनी लोणच्यासाठी जाडं मीठ शोधलं. ते मिळेना. मग एका सकाळी शेजारचा माणूस पोत्यातून पांढरे जाड खडे काढून, बर्फ वितळावा म्हणून, वाटेवर फेकताना त्यांना दिसला. काकू चपला न घालता धावल्या, एक खडा उचलला, जिभेवर ठेवला. मीठ! काकांनी दारातून ओरडून सांगितलं, "अगं, रस्त्याचं आहे ते! त्यात काय काय असतं!" तोवर काकू पोत्याच्या मालकाशी अर्ध्या पोत्याचा सौदा करत होत्या. मग त्यांनी तो खडा थुंकला आणि मोठ्याने बोलल्या, "काय देश आहे! खडे रस्त्यावर आणि पावडर पानात!"

त्यांना हवं ते मीठ अखेर सापडलं ते पलीकडच्या घरातल्या रूथबाईंकडे. रूथबाई सत्तरीच्या, ज्यू, विधवा. एका दुपारी काकू त्यांच्याकडे गेल्या तर ओट्यावर उतरत्या फळीवर मटण ठेवलेलं आणि त्यावर जाड, चपट्या कण्यांचं मीठ पसरलेलं. रक्त निघून जावं म्हणून तासभर मिठात ठेवायचं आणि मग तीनदा धुवायचं, असं रूथबाईंनी सांगितलं. दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी, फडकीसुद्धा वेगळी. काकू घरी आल्या त्या आनंदाने लाल होऊन.

"अहो, आमच्या आजीचं सोवळं तिथे राहायला गेलंय! एवढ्या मोठ्या देशात एकच स्वच्छ बाई भेटली बघा."

त्या दिवसापासून घरात रूथबाईंचं ते कोशर मीठ आलं. मोठं चौकोनी खोकं. काकूंच्या मते ते उरणच्या मिठाच्या पासंगालाही पुरत नव्हतं, पण चिमटीत धरता येत होतं आणि बोटांना कळत होतं. त्यात आयोडीन नव्हतं म्हणून लोणचं काळं पडत नव्हतं. तरी त्या सगळ्याला ते सारखं वापरत नसत. कणकेत घालताना आधी पाण्यात विरघळवायचं, नाहीतर पोळीत दाताखाली कचकचतं. आमटीत उकळी आल्यावर. काकडीवर अगदी वाढताना, वरून, म्हणजे कणी जिभेवर फुटते. मासे धुण्याआधी चोळून. आणि दोन खोकी वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर आधी मूठ भरून अंदाज घ्यायचा, कारण एकाची कणी पोकळ असते आणि दुसऱ्याची भरीव. "दिसायला मूठ तेवढीच," त्या म्हणत, "पण आत माल किती ते हाताला कळतं. तुम्हा शिकलेल्यांना नाही कळत."

इथे मला एक कबुली द्यायला हवी. मी केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करत होतो आणि माझ्या प्रबंधाचा विषय होता: वेगवेगळ्या पावडरी भांड्यात ओतल्या की किती जागा व्यापतात. म्हणजे काकू जे उभ्या उभ्या सांगत होत्या त्यावर मी चौथ्या वर्षी तिसरं प्रकरण लिहीत होतो.

अज्ञानाचं प्रदर्शन करायला मला गर्दी लागते. मंडळाच्या एका जेवणात मी चार बायकांना समजावून सांगितलं की कोशर मीठ म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी मंत्र म्हणून पवित्र केलेलं मीठ. हे मी वाचलेलं नव्हतं, ऐकलेलंही नव्हतं. बोलता बोलता सुचलं. त्यातल्या एका मावशींचा चेहरा पडला. "अगं बाई, मग आपल्या देवाच्या नैवेद्याला कसं चालेल?" पंधरा मिनिटांत बातमी काकूंपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दंडाला धरून रूथबाईंच्या स्वयंपाकघरात उभं केलं आणि म्हणाल्या, "सांग. जे काल सांगितलंस ते हिला सांग."

मी सांगितलं. रूथबाई हसत हसत खुर्चीत बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या की बाळा, मंत्रबिंत्र काही नाही. मटण कोशर करायला, म्हणजे आमच्या सोवळ्यात बसवायला, हे मीठ लागतं म्हणून त्याचं नाव तसं पडलं.

"ऐकलंस?" काकू म्हणाल्या. "आता फोन कर. चौघींना."

मी चार फोन केले. काकू शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या.

आता त्या गणपतीकडे येतो. इतका वेळ टाळत होतो.

मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा आणि ऐंशी माणसांची आमटी दरवर्षी काकू करायच्या. नैवेद्य दाखवण्याआधी काही चाखायचं नाही, हा काकूंचा कडक नियम. ऐंशी माणसांची आमटी कोणी न चाखता थेट देवापुढे जायची आणि देवापुढून थेट पानात. बाकीच्या बायका भात, भाजी करत, पण आमटीचं मीठ काकूंचंच. दहा वर्षांत एकदाही उणं-अधिक झालं नव्हतं. काकू देवाला हात जोडत तेव्हा काय मागत ते माहीत नाही, पण आमटीबद्दल नक्कीच काही मागत नसत.

त्या वर्षी मीठ आणायचं काम माझं होतं. मी चुकीचं आणीन म्हणून काकूंनी रिकामं खोकं बरोबर दिलं होतं. "हे दाखव आणि असंच आण. डोकं चालवू नकोस." मी ते खोकं गाडीच्या मागच्या सीटवर टाकलं आणि विसरलो. आठवलं ते शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये, तेव्हा हॉलमधून फोडणीचा वास येत होता.

परत जायला वेळ नव्हता. शाळेच्या कॅफेटेरियाच्या कोठीत बारीक मिठाची मोठी पिशवी होती. मी डोकं चालवलं. मीठ ते मीठ, रेणू तोच. पिशवीतलं बारीक मीठ मी काकूंच्या खोक्यात ओतलं, वरचं झाकण नीट दाबलं आणि आत गेलो.

काकू दुसऱ्या शेगडीवर वडे तळत होत्या. दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. आमटीला उकळी आली होती.

"मीठ तू घाल," त्या म्हणाल्या. असं त्या आयुष्यात कोणाला म्हणाल्या नव्हत्या. "आधी मूठ दाखव."

मी मूठ दाखवली. त्यांनी ती नुसती पाहिली.

"बायकी मूठ आहे. पाच घाल. गच्च नको, सुटी."

मी त्यांच्याकडे पाठ करून पाच मुठी घातल्या. सुट्या. बारीक मीठ बोटांच्या फटींतून गळत होतं म्हणून शेवटची जरा गच्चच.

आरती झाली, नैवेद्य झाला, पंगत बसली. मी वाढत होतो. पहिल्या ओळीतल्या एका काकांनी भातावर आमटी घेतली, घास तोंडात घातला आणि त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. सणाचा दिवस, देवाचा प्रसाद. त्यांनी तो गिळला. मग त्यांनी पाणी मागितलं. मग सगळ्यांनीच पाणी मागितलं. लोक आमटीचे कागदी वाडगे नेऊन गुपचूप कचऱ्याच्या पिंपात ओतत होते. पिंपाच्या तळाशी आमटी, त्यात भिजलेले नॅपकिन, वर तरंगणारी कोथिंबीर. एक जाडा गृहस्थ मित्राच्या कानात म्हणाला, "काकूंनी आज अटलांटिक वाढलाय." ते काकूंना ऐकू गेलं.

त्यांनी डाव भरून घेतला, बोट बुडवलं आणि चाखलं. नाकपुडी हलली नाही. "शी" म्हणाल्या नाहीत. स्वतःच्या हातांकडे पाहत राहिल्या.

मग त्यांनी मला विचारलं, "किती सांगितल्या मी?"

खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "पाच, काकू. तुम्ही पाच म्हणालात."

ते खरंच होतं. इतकं घाणेरडं खरं मी त्याआधी किंवा त्यानंतर बोललेलो नाही.

त्यानंतर घरात हळूहळू बदल दिसू लागला. काकूंनी प्लास्टिकच्या मापाच्या चमच्यांचा जुडगा आणला, पिवळा, कडीत अडकवलेला. आमटीला सपाट चमचा, भाजीला अर्धा. मी रोज रात्री वर जेवत असे, दुपारचा डबाही वरूनच येई; दोन्ही अळणी लागू लागलं. काका काही न बोलता लोणचं जास्त घेत. एका संध्याकाळी काकूंनी कुकरच्या शिट्ट्या तीन बोटांवर मोजल्या आणि मग कागदावर रेघा मारल्या. मंडळातून दिवाळीच्या जेवणासाठी फोन आला तर म्हणाल्या, "दुसरं कोणी बघा. माझा हात आता भरवशाचा नाही." कशालाच "शी" म्हणेनाशा झाल्या. मी मुद्दाम एकदा केचप लावून पोळी खाल्ली. त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "पोट भरलं ना?"

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला त्यांची मुलगी नीना कॉलेजातून घरी आली. अमेरिकेतच जन्मलेली, मराठी कळायचं सगळं, बोलायची मोजकं. दुसऱ्या दिवशी ती तळघरात आली आणि जिन्यावर बसली.

"श्री, डू यू नो व्हॉट्स गोइंग ऑन विथ आई?"

"काय झालं?"

"शी इज रायटिंग थिंग्ज डाउन. माझं बर्थडे, फोन नंबर, सगळं. किचनमध्ये लिस्ट आहे. शी थिंक्स शी इज बिकमिंग लाइक आजी."

उरणच्या आजींबद्दल, म्हणजे काकूंच्या आईबद्दल, मला माहीत नव्हतं. नीनाने सांगितलं. शेवटची सहा वर्षं त्या कोणालाच ओळखत नव्हत्या. आणि त्याची सुरुवात कशी झाली ते आईने तिला काल सांगितलं होतं. नीनाने ते आईच्याच शब्दांत, मराठीत सांगितलं: "आधी मीठ गेलं, मग नावं गेली."

मी गाडीत गेलो. गणपतीच्या रात्री मागच्या सीटखाली लपवलेलं ते खोकं अजून तिथेच होतं, तळाशी बारीक मीठ दगडासारखं घट्ट झालेलं. ते घेऊन वर गेलो आणि काकूंच्या ओट्यावर ठेवलं. काका पेपर वाचत होते, नीना दारात उभी होती. मी सगळं सांगितलं: विसरलेलं दुकान, कोठी, पिशवी, पाठ करून घातलेल्या मुठी. आणि "तुम्ही पाच म्हणालात" हेही.

काकूंनी खोक्यात बोट घातलं. बारीक मीठ अंगठ्यावर चोळलं. खूप वेळ चोळत राहिल्या.

"नोव्हेंबर संपत आला," त्या म्हणाल्या.

"हो, काकू."

"गणपतीपासून."

मी खाली पाहिलं.

"तू रोज इथे जेवत होतास. मी चमचे मोजत होते, तू समोर बसून गिळत होतास."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला मखमल धरलेली ती बरणी आठवली. डावी नाकपुडी वर गेली, हनुवटी मानेत शिरली. मी "शी" ची वाट पाहत होतो. ती आली नाही. काकांनी पेपर खाली ठेवला आणि आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य बोलले: "अडीच महिने मी अळणी खाल्लंय, गाढवा, आणि वर तिला डॉक्टरकडे न्यायला अपॉइंटमेंट घेतलीय."

नीना रडत होती की हसत होती ते कळलं नाही. काकूंनी खोकं उचललं आणि कचऱ्यात टाकलं. मला जेवायला थांब म्हणाल्या नाहीत. तीन आठवडे वरून एकही डबा खाली आला नाही, आणि मी स्वतःच्या हातचं वरण खाल्लं. ते खरोखरच थुंकण्यासारखं होतं.

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर काकूंचा हात परत येईल. आला नाही. पिवळे चमचे कडीत लटकतच राहिले. डबे पुन्हा सुरू झाले, पण मीठ मापाचंच होतं. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "कळतं रे मला, चूक तुझी होती. पण अडीच महिने मी माझ्या हातावर संशय घेतला. हाताला कळलंय ते."

फेब्रुवारीत मी डिग्री घेऊन निघालो. मिशिगनमध्ये ट्रॉयला एका मोटारींच्या रंगांच्या कंपनीत नोकरी लागली होती. आदल्या दिवशी बर्फ पडून वितळला होता आणि पुन्हा गोठला होता. घरापासून रस्त्यापर्यंतचा ड्राइव्हवे उतरता. माझी जुनी गाडी सामानाने भरलेली. काका कॉफीच्या रिकाम्या डब्याने पोत्यातलं मीठ पसरत होते, इथे ढीग, तिथे काहीच नाही.

"शी!" मागून आवाज आला. आखूड. रोजच्या गोष्टींसाठीचा. मी पाच महिन्यांत तो ऐकला नव्हता. "अहो, काय करताय? मीठ घालताय की पुरताय?"

काकू साडीवर थंडीचा जाडा पार्का कोट घालून बाहेर आल्या. हातमोजे काढून खिशात कोंबले. पोत्यात हात घातला आणि त्या उतारावरून खाली चालत गेल्या, हात कमरेपासून फिरवत, मुठीतून खडे सुटे सोडत. चाकं जिथे जाणार तिथे दाट, मध्ये विरळ, वळणावर पुन्हा दाट. काका डबा घेऊन बाजूला उभे राहिले. बर्फ चरचरत होता.

रस्त्यापर्यंत पोचल्यावर त्यांनी लाल झालेला हात झटकला.

मी विचारलं, "किती मुठी झाल्या, काकू?"

"तू मोजल्यास?"

"नाही."

"मीही नाही," त्या म्हणाल्या. "जा आता. आणि तिकडे कोणाला काही रांधून घालू नकोस."

गाडी उतारावरून खाली आली, कुठेही न घसरता. वळताना मी आरशात पाहिलं. काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांनी तळहाताला चिकटलेला एक खडा बोटाने उचलला आणि जिभेवर ठेवला. काका हात वर करून काहीतरी ओरडले. काच बंद होती, मला ऐकू आलं नाही. पण डावी नाकपुडी वर गेलेली मला तेवढ्या लांबूनही दिसली.